किनाऱ्याकडे येणारें वादळ

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

वैशाख सरत आला, कीं कोंकणांतल्या घराघरांतून आगोटीची तयारी सुरू होते. लाकूडफांटा पडवींत रचावयाचा, तांदूळ भरून ठेवावयाचे, सुकी मासळी डब्यांत बंद करावयाची, घर शाकारून घ्यावयाचें, होड्या वाळूवर ओढून त्यांच्यावर झांपें घालावयाचीं. मृगाचा पाऊस हा आमचा जुना पाहुणा आहे. तो केव्हां येणार व कोणत्या दिशेनें येणार, हें आम्हांस ठाऊक असतें. परंतु या पाहुण्याच्या थोडें आधीं, किंवा तो परत गेल्यावर आश्विन-कार्तिकांत, समुद्रावरून केव्हां केव्हां दुसराच कोणी येतो. त्याला आमचे वाडवडील तुफान म्हणत. पुस्तकांतून त्याला चक्रीवादळ असें नांव आहे. त्याच्याविषयीं आज चार गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत.

आरंभींच एक कबुली देतों. मी शास्त्रज्ञ नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें सारा जन्म शाळेंत मुलांना भूगोल व गणित शिकविण्यांत गेला. तेव्हां मी सांगणार तें थोडें पुस्तकांतलें आणि थोडें डोळ्यांनीं पाहिलेलें असें आहे. या दोहोंचा मेळ वेळेवर घालतां आला नाहीं म्हणजे काय होतें, हाच खरा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पुस्तकांतलें सांगतों. समुद्राच्या वरच्या थरांतील पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलें, म्हणजे त्याची वाफ मोठ्या प्रमाणावर वर चढूं लागते. वर गेल्यावर ती थंड होऊन तिचे ढग बनतात, आणि वाफेंत सांठलेली उष्णता तेथें मोकळी होते. त्या उष्णतेनें हवा आणखी वर चढते, खालीं दाब कमी होतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं चारी बाजूंची हवा आंत धांव घेते. परंतु पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ही हवा सरळ मध्यापर्यंत पोहोंचत नाहीं. आपल्या उत्तर गोलार्धांत ती उजवीकडे ओढली जाते आणि मध्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरूं लागते. असा हा शेंकडों किलोमीटर रुंदीचा भोंवरा समुद्रावरून सरकत जातो. ऊन पाण्याच्या वाफेवर तो जगतो, म्हणून जमिनीवर चढला कीं त्याचा जोर ओसरूं लागतो. ज्याचें घर अगदीं किनाऱ्यालगत, त्याला मात्र तो आपल्या पूर्ण बळानिशीं भेटतो.

या वादळांना 'सायक्लोन' हें इंग्रजी नांव आपल्याच देशांत मिळालें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. गेल्याच्या मागच्या शतकांत कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नांवाचे एक गृहस्थ होते. बंगालच्या उपसागरांत सांपडलेल्या गलबतांच्या रोजनिशा मिळवून, कोणत्या घटकेस कोणत्या गलबतावर वारा कोठून वाहत होता, हें ते नकाशावर मांडीत. त्यावरून वारा वेटोळें घालतो हें त्यांस दिसून आलें, आणि वेटोळें घातलेल्या सर्पाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं १८४८ सालीं खलाशांसाठीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत हें नांव योजिलें. याच पिडिंग्टनसाहेबांनीं १८५३ सालीं गव्हर्नर जनरलांस एक पत्र लिहिलें. सुंदरबनांत मातला नदीवर सरकार नवें बंदर बांधूं पाहत होतें. तें बंदर एका मोठ्या वादळाच्या लाटेसरशीं वाहून जाईल, असा त्यांचा इशारा होता. तो कोणीं मनावर घेतला नाहीं. बंदर बांधलें गेलें, त्याला लॉर्ड कॅनिंग यांचें नांव देण्यांत आलें, आणि १८६७ सालच्या वादळानें तें खरोखरच मोडून टाकलें.

त्याच्या आधीं १८६४ सालीं कलकत्त्यावर जें भयंकर वादळ आलें, त्यांत सुमारें ६०,००० माणसें मेलीं असें सांगतात. तें वादळ आणि मागाहून पडलेले दुष्काळ यांमुळें सरकारचे डोळे उघडले, आणि १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. बंदरांवर धोक्याचे बावटे चढूं लागले. दिवसां शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे. 'तीन नंबरचा बावटा लागला' असें कोणी म्हटलें, कीं आमच्याकडे लहान मूलसुद्धां समुद्राकडे पाहूं लागे. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, घरोघर दूरध्वनि आहेत. इशारा मिळत नाहीं अशी तक्रार आतां कोणासच करतां येणार नाहीं. परंतु इशारा मिळणें ही एक गोष्ट आहे आणि तो समजणें ही दुसरी.

आतां डोळ्यांनीं पाहिलेलें सांगतों.

२०२० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रांत कमी दाबाचा पट्टा तयार झाला. १ जून रोजीं पहांटे त्याचें वादळी रूप दिसूं लागलें, २ जूनच्या दुपारीं तें चक्रीवादळ झालें, आणि ३ तारखेच्या पहांटे त्यानें तीव्र रूप धारण केलें. त्याचें नांव 'निसर्ग'. हिंदी महासागराच्या या भागांतील वादळांना नांवें देण्यासाठीं १३ देशांनीं मिळून १६९ नांवांची एक नवी यादी त्याच वर्षीं एप्रिलमध्यें केली होती. तींतलें हें पहिलेंच नांव, आणि तें बांगला देशानें सुचविलेलें होतें.

त्या वेळीं मी श्रीवर्धन तालुक्यांत खाडीच्या मुखाशीं असलेल्या एका लहानशा गांवीं माझ्या वडिलोपार्जित घरीं राहत होतों. तें सालच मोठें विचित्र होतें. साथीच्या रोगामुळें सारा देश बंद होता. एस. टी. बंद, बाजार बंद. मुंबईचे चाकरमानी जिवाच्या भीतीनें गांवीं परतले होते, आणि त्यांना चौदा दिवस वेगळें ठेवावयाचें म्हणून गांवच्या शाळेच्या खोल्या त्यांना दिलेल्या होत्या. वादळांत माणसांनीं आश्रय घ्यावा अशी पक्की इमारत गांवांत ती एकच.

२ तारखेस दुपारीं पोलीस पाटील व ग्रामसेवक घरोघर फिरले. कच्च्या घरांतल्यांनीं संध्याकाळच्या आंत शाळेंत किंवा कोणाच्या पक्क्या घरीं जावें, असें त्यांनीं सांगितलें. संध्याकाळीं माझ्या ओटीवर, एकमेकांपासून दूर दूर बसून, पांचसात मंडळी बातम्या ऐकत होती. हवामान खात्याचा अंदाज असा होता कीं, वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ किनारा ओलांडील. मी उठलों, कपाटांतला जुना नकाशा काढला, पट्टी लावली, आणि अलिबाग ते आमचें गांव हें अंतर मोजून दाखविलें. सरळ रेषेंत पासष्ट-सत्तर किलोमीटर. "म्हणजे आपल्याकडे पाऊस होईल, थोडा वारा होईल. मुख्य संकट वरच्या अंगास आहे." असें मी म्हणालों. मंडळी सुटकेचा श्वास टाकून घरोघर गेली. गुरुजींनीं पट्टीनें मोजून सांगितलेलें!

श्रोतेहो, त्या अंदाजांत हरिहरेश्वर हें नांव स्पष्ट होतें. हरिहरेश्वर आमच्या दक्षिणेस आहे. म्हणजे आमचें गांव सांगितलेल्या टापूच्या अगदीं आंत होतें. तें नांव मीं कानांनीं ऐकलें. पण माझें मन अलिबागवर जाऊन बसलें, कारण मला तेंच हवें होतें. शाळेंत एखाद्या मुलानें उदाहरण अर्धेंच वाचून सोडविलें असतें, तर मीं त्याला उभें केलें असतें.

माझ्या घराच्या पलीकडे, वाडीच्या गडग्याला लागून, एका वृद्ध बाईंचें घर होतें. मातीच्या भिंती, वर कौलें. पंचाहत्तरीच्या घरांत असलेल्या या बाई एकट्याच राहत. सारें गांव त्यांस काकी म्हणे. दिवेलागणीस त्या गडग्यापाशीं आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, पाटील शाळेंत जा म्हणतात. तिथें मुंबईचीं माणसें ठेवलींत. मला तर त्या रोगाचीच धास्ती वाटते. तुम्ही काय म्हणतां?"

मीं म्हटलें, "काकी, वादळ अलिबागेस चाललें आहे. जावेंसें वाटत असेल तर जा, पण घाबरण्याचें कारण नाहीं." त्या गेल्या नाहींत. माझें घर चिरेबंदी होतें. 'रात्रीपुरत्या आमच्याकडे या,' हें वाक्य माझ्या तोंडून निघालें असतें, तरी पुरे होतें. तें निघालें नाहीं.

येथें मला पुन्हां एकदां पुस्तकांतलें सांगितलें पाहिजे. कारण माझी चूक नुसत्या अंतराची नव्हती. चक्रीवादळ हा नकाशावरचा ठिपका नव्हे. ठिपका हा त्याच्या केंद्राचा. वादळ त्याच्या दोहों बाजूंस दूरवर पसरलेलें असतें. शिवाय त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वादळ नैर्ऋत्येकडून येत असेल, तर केंद्राच्या उत्तरेस वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि दक्षिणेस तो समुद्रावरून जमिनीवर आदळतो. वादळाच्या वाटेच्या उजव्या हातास वाऱ्याच्या वेगांत वादळाच्या चालीचा वेगही मिळतो, आणि त्याच बाजूस समुद्राचें पाणी किनाऱ्यावर लोटलें जातें. तेव्हां वादळ खरोखरच अलिबागेवर गेलें असतें, तरीसुद्धां आम्ही दक्षिणेकडचे लोक त्याच्या वाईट बाजूस असतों. 'वरच्या अंगास संकट' हें माझें वाक्य दोन्हीं अर्थांनीं चुकीचें होतें.

३ तारीख उजाडली ती पावसानें. वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून, म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे वाहत होता. आठ-नऊच्या सुमारास तो वाढला. मला एक जुना नियम आठवला. बाइज बॅलट नांवाच्या डच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं तो मांडला आहे, आणि मीं तो कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतला होता. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें, कीं कमी दाब आपल्या डाव्या हाताला असतो. मी अंगणांत वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलों. माझा डावा हात नैर्ऋत्येस, समुद्राकडे गेला. ठीक, वादळ तेथें असणारच. दहा वाजतां मी पुन्हां उभा राहिलों. वादळ अलिबागेकडे निघालें असतें, तर एव्हांना वारा फिरून दक्षिणेकडून येऊं लागावयास हवा होता, आणि माझा हात वर सरकावयास हवा होता. तसें झालें नाहीं. वारा त्याच दिशेनें, पण दुप्पट जोरानें येत होता. वाऱ्याची दिशा बदलत नाहीं आणि जोर मात्र वाढतो, याचा अर्थ एकच. केंद्र सरळ आपल्यावर येत आहे.

तें मला कळलें तेव्हां अकरा वाजले होते. तोंवर पोफळी मोडूं लागल्या होत्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, कीं त्याचा रेटा चौपट होतो. साठ किलोमीटरच्या वाऱ्यांत नुसती डोलणारी पोफळ एकशेंवीस किलोमीटरच्या वाऱ्यांत कमरेंतून तुटते आणि पडतांना शेजारच्या चार पाडते. माझ्या दारापासून काकींचें दार पन्नास पावलांवर होतें. तीं पन्नास पावलें मला ओलांडतां आलीं नाहींत. पत्रे हवेंतून पानांसारखे जात होते. मी हांका मारल्या. त्या मला स्वतःलाच ऐकूं आल्या नाहींत.

हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणें दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' वादळानें अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, आणि झोत १३० पर्यंत जात होते. आमच्या गांवीं एकच्या पुढें एकाएकीं वारा पडला. पाऊस थांबला, आभाळ पांढरें झालें. हा वादळाचा डोळा. सर्वांत फसवा क्षण तो हाच. वादळ संपलें असें वाटून माणसें बाहेर येतात, आणि थोड्याच वेळानें उलट दिशेचा वारा त्यांस उघड्यावर गांठतो. त्या दिवशीं मात्र हा डोळाच आमच्या उपयोगीं पडला. मी आणि शेजारचे दोन तरुण, पडलेल्या झाडांवरून व खालून, काकींच्या घरीं पोहोंचलों. कौलें एकही नव्हतें. माजघराची भिंत आंत कोसळली होती आणि एका वाशाखालीं काकींचा पाय अडकला होता. त्या शुद्धीवर होत्या. आम्ही त्यांस झोळींत घालून माझ्या ओटीवर आणलें आणि दार लावलें, तोंच पश्चिमेकडून, समुद्राकडून, दुसरा वारा आला. उरलेल्या भिंती त्यानें पाडल्या.

काकींचें कमरेचें हाड मोडलें होतें. तालुक्याचा रस्ता झाडांनीं व विजेच्या खांबांनीं बंद झाला होता. दूरध्वनि मुके झाले होते. दुसऱ्या दिवशीं गांवच्या मुलांनीं कोयत्या-कुऱ्हाडींनीं वाट तोडीत तोडीत, खुर्चीला बांबू बांधून त्यांना पायीं दवाखान्यांत नेलें. त्या मुलांत शाळेंत ठेवलेले चाकरमानीही होते. ज्यांची काकींना धास्ती वाटत होती, त्यांच्याच खांद्यांवरून त्या गेल्या. पुढें तीन वर्षें त्या होत्या. काठीवांचून त्यांस पुन्हां चालतां आलें नाहीं. त्यांनीं मला कधीं बोल लाविला नाहीं. एकदां मीच विषय काढला, तेव्हां म्हणाल्या, "तुम्हांला तरी काय ठाऊक, गुरुजी!" परंतु श्रोतेहो, मला ठाऊक होतें. म्हणून तर आज आपल्यापुढें बोलावयास आलों.

त्या दिवशीं दैव आमच्या बाजूस होतें, हेंही सांगितलें पाहिजे. भरतीचा एक जुना ठोकताळा कोळी लोक वापरतात. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां पूर्ण भरती. ३ जूनला सकाळीं द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, उधाणाचे दिवस, पण दहाच्या सुमाराची भरती होऊन गेली होती आणि वादळ चढलें तेव्हां पाणी ओसरत होतें. तेंच वादळ आठ-नऊ तास उशिरां, रात्रींच्या भरतीवर येतें, तर खाडीकांठच्या घरांचें काय झालें असतें, याची मला कल्पना करवत नाहीं. वादळांत सर्वांत अधिक माणसें वाऱ्यानें मरत नाहींत, पाण्यानें मरतात. १९७० सालीं नोव्हेंबरच्या १२ तारखेस गंगेच्या मुखाशीं भोला बेटावर जें वादळ आलें, त्यांत वादळाची लाट व भरती एकाच वेळीं आल्या. तीन लाखांहून अधिक माणसें त्या एका रात्रींत गेलीं.

आमच्याकडे मनुष्यहानि त्या मानानें थोडी झाली. परंतु वाड्या गेल्या. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, आणि खालीं मंडणगड, दापोलीपर्यंत किनाऱ्याच्या पट्टींत माड, पोफळी, आंबा, फणस आडवे झाले. माझी वाडी वीस गुंठ्यांची. तींत सव्वादोनशें पोफळी होत्या. चौथ्या तारखेस मोजल्या तेव्हां एकतीस उभ्या होत्या. घाटावरच्या माणसास वाडी म्हणजे काय हें सहसा समजत नाहीं. शेत बुडालें तर पुढल्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. पोफळीचें रोप लावल्यावर सुपारी दिसावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि भर यावयास त्याहून अधिक. माडाचेंही तसेंच. ज्याचें वय साठीच्या पुढें गेलें, तो रोप लावतो तें आपल्यासाठीं नव्हे. मदतीचा हिशेब हेक्टरांवर झाला. शंभर गुंठ्यांचा सुमारें एक हेक्टर. आमच्या वाड्या दहा-वीस गुंठ्यांच्या, आणि त्याही चार भावांच्या नांवावर. ज्या जागेंत माड, त्याखालीं पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल आणि सांवलींत जायफळ, त्या जागेची किंमत नुसत्या क्षेत्रफळानें कशी व्हावी?

सहाव्या दिवशीं एका टेकडीवर गेल्यावर दूरध्वनि लागला. माझा मुलगा मुंबईस असतो. पहिल्याच वाक्यांत तो म्हणाला, "बाबा, मोठें संकट टळलें. वादळ मुंबईवर आलेंच नाहीं. तुमच्याकडे काय हालहवाल?" त्याचा दोष नव्हता. मुंबईंत सारेच तसें म्हणत होते, आणि दोन कोटी माणसांच्या वस्तीवर तें वादळ आलें नाहीं, ही आनंदाचीच गोष्ट होती. परंतु वादळ टळलें नव्हतें. तें दुसरीकडे गेलें होतें. आम्हीं बारा दिवस विजेवांचून काढले. कित्येक गांवांनीं त्याहून पुष्कळ अधिक काढले.

असें पुन्हां व्हावयाचें नाहीं, या भरंवशावर आपण राहूं नये. अरबी समुद्रांत बंगालच्या उपसागरापेक्षां वादळें कमी होतात, हें खरें. पण आपला किनारा त्यांच्यापासून मुक्त कधींच नव्हता. १९४८ सालच्या नोव्हेंबरांत मुंबईस वादळानें झोडपलें होतें. २००९ सालीं ११ नोव्हेंबरास 'फयान' आलें आणि रत्नागिरीकडचे कित्येक मच्छीमार परतले नाहींत. 'निसर्ग' नंतर वर्ष पुरें होण्याच्या आंत, २०२१ सालच्या मे महिन्यांत, 'तौक्ते' कोंकणच्या किनाऱ्याजवळून वर गुजरातेस गेलें. जातां जातां मुंबईसमोरच्या समुद्रांत तेलविहिरींवरच्या कामगारांचा एक तराफा बुडाला आणि कित्येक माणसें गेलीं. अरबी समुद्राचें पाणी गेल्या कांहीं दशकांत तापत चाललें आहे आणि त्यांतील वादळांचा जोर वाढतो आहे, असें शास्त्रज्ञांचें मत आहे.

मग करावयाचें काय? याचें उत्तर ओरिसानें देऊन ठेविलें आहे. १९९९ सालीं ऑक्टोबरच्या २९ तारखेस पारादीपजवळ जें महावादळ आलें, त्यांत सुमारें १०,००० माणसें मेलीं. त्या धक्क्यानंतर त्या प्रांतानें किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गांवोगांव माणसें तयार केलीं, आणि कोणाच्या घरीं म्हातारें माणूस आहे, कोणत्या घरीं बाळंतीण आहे, त्यांना कोणीं न्यावयाचें, हें आधींच ठरवून ठेविलें. २०१३ सालीं ऑक्टोबरांत 'फायलीन' वादळ त्याच किनाऱ्यावर आलें. तेव्हां सुमारें १० लाख लोकांस आधींच हलविलें, आणि मृत्यूंची संख्या पन्नासांच्या आंत राहिली. समुद्र तोच, वारा तसाच. बदल झाला होता तो माणसांत.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांचें मूळ घर कोंकणांत असेल. निदान शेजाऱ्याचें तरी असेल. वादळाची बातमी आली, कीं आपण प्रथम विचारतों, 'मुंबईस धोका आहे का?' तें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच दिवशीं, तारा तुटण्यापूर्वीं, गांवीं एक दूरध्वनि करावा आणि विचारावें, 'मातीच्या घरांत कोण आहे? रात्रीं तें कोणाच्या घरीं निजणार आहे?' नुसतें 'काळजी घ्या' म्हणूं नये. अंदाजांत दोन गांवांचीं नांवें सांगितलीं असतील, तर त्या दोहोंमधला सारा किनारा धोक्यांत आहे, आणि त्याच्या बाहेरचाही कांहीं भाग आहे, असें समजावें. वारा एकदम पडला, तर संकट संपलें असें समजूं नये. आणि वादळ जमिनीवर चढून गेल्यावर, त्याची बातमी दिसेनाशी झाल्यावर, महिन्याभरानें आणखी एकदां गांवीं विचारणा करावी. खरी गरज त्या वेळीं असते.

माझ्यासारखे जे शिकविणारे किंवा शिकलेले आहेत, त्यांस एक विनंती. गांवांत आपल्या शब्दाला वजन असतें. म्हणूनच ठाऊक नसेल तेव्हां धीर देऊं नये, जागा द्यावी. मीं काकींस धीर दिला. द्यावयास हवी होती ती ओटीवरची चार हात जागा.

गेल्या पावसाळ्यापूर्वीं मीं वाडींत आणखी चाळीस रोपें लावलीं. त्यांची सुपारी मी पाहीन असें नाहीं. काकींच्या घराच्या जागेवर त्यांच्या पुतण्यानें आतां पक्क्या भिंतींचें घर बांधलें आहे. गडगा पडला होता, तो मात्र आम्हीं दोघांनीं मिळून पुन्हां घातला नाहीं. तेथून आतां दोन्ही घरांत सरळ येतां-जातां येतें.